लिंबू उडेपर्यंत

बाबा, आपल्या मलकापूरच्या दुकानात आता माझ्या हातचा सेंट विकला जातो. पुरुषांसाठीचा. आधी लिंबू, मग खस, आणि शेवटी अंगावर मुरलेला देवदार. तुम्ही असता तर शिशीचं बूच उघडून नाक मुरडलं असतंत, कारण शिशीतल्या वासावर तुमचा कधीच भरवसा नव्हता. गिऱ्हाईक आलं की तुम्ही अत्तरात बुडवलेली काचेची कांडी त्याच्या मनगटाला लावायचात आणि म्हणायचात, "घासू नका भाऊ. बाजारात एक चक्कर मारून या, मंग घ्या." निम्मे परत यायचेच नाहीत. आई कपाळावर हात मारायची, "लोकं गिऱ्हाईक बोलावते, हा माणूस हाकलून देऊन राह्यला!" मलाही तुमचा राग यायचा.

म्हणून तर तुम्ही जेवायला गेलेले असताना मी एका नवरदेवाच्या भावाला नुसतं बूच हुंगायला देऊन हिना अत्तराची शिशी विकली. नवरदेवाच्या हळद लागलेल्या अंगावर ती हिना आंबूस झाली. तुम्ही भर मांडवात जाऊन ती परत घेतलीत, नवरदेवाच्या मनगटावर दुसरं अत्तर लावलंत आणि ते मुरेपर्यंत तिथंच बसून राहिलात. घरी येऊन एवढंच म्हणालात, "लगन शिशीचं नव्हतं वं, पोराचं होतं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज तेच वाक्य मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते, आणि मोठ्या ऐटीत ऐकवते.

मागच्या महिन्यात अकोल्याचे एक व्यापारी आले. त्यांची चार दुकानं आहेत. त्यांनी माल उचलला तर माझा सेंट पहिल्यांदा गावाबाहेर पडणार होता. त्यांनी बूच हुंगलं आणि हसले. "ताई, हे तं लिंबाचं सरबत होय. लाकूड कुठी आहे यात?" मी कांडी त्यांच्या मनगटाला लावली. "साहेब, एक चक्कर मारून या." "मले टाइम नाही, गाडी आहे माही," म्हणत ते स्टेशनकडे निघाले. तासाभरानं दारात उभे! मनगट नाकाशी, कपाळावर आठ्या. "हे मघाचंच आहे काय? लिंबू गेलं कुठी?" मी म्हटलं, "उडालं. आता खस आहे, देवदार येतोय." ते खुर्ची ओढून बसले. "गाडी सोडली न मी याच्यापायी," म्हणाले, आणि चारही दुकानांसाठी माल सांगून गेले. बाबा, मला फार अभिमान वाटला, स्वतःचा आणि तुमचा.

ही गोष्ट सांगताना मी नेहमी सांगते की तो तासभर मी गल्ल्यावर शांत बसून होते. तुम्हाला खरं सांगते. मी दुकान उघडं टाकून त्यांच्या मागे फलाटापर्यंत गेले होते. "थांबा, तुम्ही म्हणाल तसं करून देते," हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी मनगट नाकाला लावलेलं दिसलं, म्हणून हाक गिळली आणि ते परत दुकानात पोचायच्या आत मी धापा टाकत गल्ल्यावर येऊन बसले.