हेक्टर गिलिसला घर का दिले

मी, फ्लोरा मॅकास्किल, दिवंगत लॉकी मॅकास्किल यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार पोर्ट कॅलम, केप ब्रेटन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. बाकी फारसे काही जाणवत नाही, पण कायद्याला त्याची गरज नाही.

१. लॉकी व मी खाडीवरच्या जड पाण्याच्या कारखान्यात होतो. साध्या पाण्यात जड हायड्रोजन चिमूटभरच असतो. तो वेचायला कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा विषारी वायू पाण्यातून सोडत. थंड मनोऱ्यात जड हायड्रोजन वायूतून पाण्यात उतरे, गरम मनोऱ्यात पाण्यातून वायूत चढे. असे फिरवत फिरवत पाणी जड करायचे. किती जड झाले, ते मी प्रयोगशाळेत तपासत असे. माझ्याकडची जड पाण्याची कुपी भाची मोरॅगला द्यावी. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. पोरांना गंमत वाटेल. कुपी माझ्याकडे कशी आली, हे विचारू नये.

२. लॉकीचे व्हायोलिन नणंद पेगीला. तिला वाजवता येत नाही, तरी वाजवते.

३. घर व जमीन हेक्टर गिलिसला. पेगी आकांडतांडव करील, म्हणून कारण लिहिते. कारखान्यात वायूची गळती झाली तेव्हा आमच्याबरोबर कामाला असलेला हेक्टर मनोऱ्याखाली कोसळला. तो वायू आधी नाकच मारतो; वास गेला की धोका टळला असे वाटते. लॉकी मुखवटा न घालताच धावला. हेक्टरला बाहेर ढकलले, स्वतः आत राहिला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हेक्टर माझ्या दारातला बर्फ उपसतो. मी त्याच्याशी बोलत नव्हते. पेगी म्हणायची, "वहिनी, अगं दगडालासुद्धा माणूस 'सरक' म्हणतो!"

गेल्या जानेवारीत मी दार उघडून विचारले, "शेवटी काय म्हणाला तो?"

हेक्टर फावडे धरून उभा राहिला. "'ऊठ, गाढवा,' म्हणाला."

"आणि माझं नाव?"

"नाही घेतलं, फ्लोरा. खोटं सांगू का?"

"नको."

पाद्रीबाबांनी सांगितले होते की घेतले. पेगीनेही. रडू येईल असे वाटले, आले नाही. मी चहा ठेवला. हेक्टर बूट काढून आत आला.

४. माझ्या शवपेटीला हेक्टरने पुढून खांदा द्यावा. गुडघा दुखतो म्हणेल, ऐकू नये.

हेक्टरला घर मिळणार, म्हणून साक्षीदार म्हणून त्याची सही चालत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तो बाहेर गाडीत बसला आहे. माझ्या बाजूची सीट गरम राहावी म्हणून हीटर चालू ठेवला आहे.

सही: फ्लोरा मॅकास्किल
साक्षीदार: यूअन मॅकफी, शिक्षक, रोना बीटन, परिचारिका
पोर्ट कॅलम, ४ मार्च २००४