डाव्या तळहातावरची पूजा

श्री. शिवमूर्ती यांस, लातूरहून शरणार्थ.

फोनवर हाताचा विषय निघाला की तुम्ही घाबरता, म्हणून लिहिते. आपल्या लेकाकडे, शिवप्रसादकडे, माझी सोय उत्तम आहे.

डाव्या मनगटाचं मोडलेलं हाड केव्हाच जुळलंय. दुखणं खरं आहे, पण मेंदू अजून हात मोडलाय असंच धरून बसलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हात झोळीत कोण बांधतं?"

"आमचे मालक. लई काळजी."

"मग मालकांना सांगा, आता पुरे."

मनाला लावून घेऊ नका. बांधा म्हणत होते मीच.

आता आरशासमोर उजवा हात हलवते. आरशात डावाच हलताना दिसतो, त्यानं मेंदूची भीती हळूहळू जाते म्हणे.

वर्षभर गळ्यातलं इष्टलिंग रीतीप्रमाणे डाव्या तळहातावर न घेता पाटावर ठेवून पूजा केली, ते मला सलत होतं. आज ते डाव्या तळहातावर घेतलं. पडेल म्हणून सूनबाईनं खाली ओंजळ धरली होती. तिला बाजूला बसवलं. हात दुखला, पण पूजा पुरी झाली.

तुम्ही वेळेवर जेवता ना?

मुखेडला घरी आल्यावर पाण्याची घागर मीच उचलणार. दुखून माझं तोंड वाकडं झालेलं दिसेल. तरी जागचे उठू नका.

तुमची,
महानंदा