तुझ्या नावावर

प्रिय पोरी,

फोनवर बडबडायला मला कुणी सांगावं लागत नाही. तरी आज कागद घेऊन बसलोय, म्हणजे प्रकरण साधं नाही हे तू ओळखलं असशीलच. आधी खुशाली. ठमी बरी आहे, दाढ दुखायची थांबली, शाळेत जाते. जावईबापूंची दुपारपाळी अजून सुरूच आहे, त्यामुळे शाळा सुटल्यापासून घरात आम्ही दोघंच असतो. एक म्हातारा हट्टी आणि एक सहा वर्षांची हट्टी.

ती तुझ्या फोनवर येत नाही म्हणून परवा तू रडलीस. नर्सिंगचा कोर्स अर्धवट सोडून परत येते म्हणालीस. मी म्हटलं, अगं पोरच ते, तू लांब गेलीस म्हणून रुसलंय, विसरेल. पण ती कशावर रुसली आहे ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

जाताना तू बजावलं होतंस, दवाखान्यात घाबरली तर तशीच घरी आणा, जबरदस्ती नको. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही हल्लीच्या आईबापांची थेरं. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? तुला मांडीवर घट्ट दाबून धरून मी तुझी दाढ काढवली होती, तू मोठी झालीसच की. आता वाटतं, तू मला हे का बजावत होतीस ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि भलत्याच धीराच्या. त्यांनी ठमीला खुर्ची वरखाली करून दाखवली, आरसा हातात दिला, पाण्याचा फवारा तिच्या तळहातावर उडवला. मग दोघींचं ठरलं, भीती वाटली की डावा हात वर करायचा, बाई लगेच थांबणार. ठमीने उगाचच हात वर करून पाहिला. बाई खरंच थांबल्या. ठमी हसली सुद्धा. मी मात्र घड्याळ बघत होतो.

दाढ कोरायचं मशीन सुरू झाल्यावर थोडा वेळ बरा गेला. मग तिने हात वर केला, तोंड मिटलं आणि रडायला लागली. बाईंनी मला बाजूला घेतलं. आज तात्पुरतं औषध भरून सोडू, पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या. धरून करता येतं, पण घरच्यांनी सांगितल्याशिवाय नाही, आणि माझ्या मते आज तशी गरजही नाही, असंही त्यांनी सांगितलं. दारातल्या बाकावर दुसऱ्या मुलाची आई आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटली, पोर ऐकत नाही म्हणून. मी म्हटलं, पुन्हा कुठे खेपा घालायच्या, थोडंच तर राहिलंय, मी धरतो. जन्मभर सलूनमध्ये पोरांची डोकीच धरली आहेत. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो.

पोरी, माझ्या मुठीत तिचा डावा हात होता. तो वर यायला धडपडत होता. कशासाठी धडपडतोय ते मला कळत होतं, आणि मी तो आणखी दाबला.

काम झालं. खुर्चीतून उतरल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलो. आणि मी दुकानातली माझी जुनी युक्ती काढली. केस जास्त बारीक झाले म्हणून पोरगं भोकाड पसरायला लागलं की मी सांगायचो, मी कोण बाबा, आईने सांगितलं तसं कापलं. पोरगं आईवर रुसायचं, संध्याकाळी तिच्याच हातून जेवायचं, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे हसत यायचं. तसंच मी ठमीला म्हणालो, “आईनेच सांगितलंय, हललीस तर धरून ठेवा म्हणून.” पण इथे संध्याकाळी आई घरी नव्हती. रुसवा कोण काढणार? तो तसाच राहिला आणि रोज थोडा वाढला. आणि मी निर्लज्जासारखा तिच्याशी पत्ते खेळत बसलो, कारण माझ्यावर ती रागावलेलीच नव्हती.

आज सकाळी तिची वेणी घालताना मी तिला खरं सांगितलं. मान हलवली नाही तिने. मग विचारलं, “परवा आईलाही खोटंच सांगितलंस ना?” मी तुझ्याशी फोनवर बोलत होतो तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, आत्ता फोन लावतो. नको म्हणाली, फोनवर तू काहीही बोलतोस. म्हणून हे लिहिलं. मला वाटेल ते बोल, पण कोर्स सोडून येऊ नकोस, तुझ्या जाण्याने काही बिघडलेलं नाही. फक्त हे वाचलंस की फोन कर आणि तिला सांग, तू तसं म्हणाली नव्हतीस. मी सांगून पाहिलं गं. माझं तिला खरं वाटत नाही.

तुझाच,
बाबा