कस्तुराची किडनी आणि माझा लाल क्रेट

३ फेब्रुवारी
नापास! कस्तुराची किडनी माझ्या रक्ताला चालत नाही. बायकोचा गट ए, माझा ओ. सुखदा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं – तिच्या पेशींवर एक साखर जास्त आहे. एवढीशी! माझ्या रक्तातली प्रतिपिंडं ती परकी म्हणून ओळखणार, चिकटणार. मागून कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची टोळी येणार आणि पेशींना भोकं पाडणार.

कस्तुराने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मी गोड हाय, ते ह्यांच्या रक्ताला तरी कळलं. ह्यांना चाळीस वर्सांत न्हाई कळलं."

डॉक्टर हसल्या. मी नाही. आत्ता लिहिताना हसतोय.

४ फेब्रुवारी
डायलिसिसच्या खुर्चीत चार तास हाच विचार. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत काढली. केसभर माप चुकलं की माल रिजेक्टच्या लाल क्रेटमध्ये! डिस्पॅच अडला की साहेब डेव्हिएशनचा कागद घेऊन यायचे – माप चुकलंय, पण काम होतंय, करा सही, जाऊ दे. मी एकदाही केली नाही. माझं रक्तही माझ्यावरच गेलंय.

९ फेब्रुवारी
उपाय आहे! आधी इंजेक्शन, मग रक्तातला प्लाझ्मा काढून त्यातली प्रतिपिंडं धुवून टाकायची. प्रतिपिंडांचा आकडा १२८ आहे, तो ८ वर आला पाहिजे.

२ मार्च
६४.

५ मार्च
३२. गणराज येऊन गेला, माझ्या हाताखाली तयार झालेला. म्हणे, भाऊ, तुमचं रक्त ते, साहेबांचं ऐकणार नाही.

८ मार्च
१६. भाकरी कडेला करपली होती. बोललो – सवय! आधी आकडा खाली आणा, मग भाकरीला नावं ठेवा, असं कस्तुराकडून ऐकून घेतलं.

१२ मार्च
८! उद्या ऑपरेशन.

भीती वाटते. माझी नाही. तिची चांगली चालती किडनी काढायची, आणि माझ्या रक्ताने ती लाल क्रेटमध्ये टाकली तर? तिला म्हटलं, अजूनही नाही म्हण.

"गप ऱ्हावा. तुमच्या क्रेटातून चाळीस वर्सं मी वाचले, माझी किडनी बी वाचंल."

१६ मार्च
ती बरी आहे, वॉर्डात फिरते. आणि मला लघवी – दोन लिटर! पहिल्या पगाराला एवढा आनंद नव्हता.

१८ जून
आकडा पुन्हा ६४. सुईने किडनीचा कण काढून तपासायला दिलाय. कस्तुराने आज एकदाही चिडवलं नाही. तेच जास्त लागतंय.

२१ जून
रिपोर्ट आला. किडनीभर कॉम्प्लिमेंटच्या खुणा. म्हणजे साखर ओळखली, परकी म्हणून शिक्काही मारला – आणि पुढे काहीच केलं नाही! भोक नाही, सूज नाही, काम चोख. डॉक्टर म्हणाल्या, अशा किडन्यांत हे पुष्कळदा दिसतं, का ते पूर्ण कळलेलं नाही.

मला कळलं. जी सही मी तीस वर्षांत केली नाही, ती माझ्या रक्ताने मला न विचारता केली.

२२ जून
भाकरी करपली होती. खाल्ली, आणि वर दुसरी मागून घेतली.