दोघींचा सलाम

सोनई,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सत्यशीलाताई,

प्रभूत सलाम. तुझी कंबर आता कशी आहे? इकडं मशीन बरं चाललंय, नाताळची शिलाई यायला लागलीय. मुली मजेत आहेत.

सवयीनं 'मुली' असं लिहून गेले बघ. खोडलं असतं, पण खोडलेलं तुला दिसलंच असतं. फोन करावा तर लेक शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र. वाचून तू रागावशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

जेम्स गेल्यावर, बाप नाही म्हणून, माझ्या दोघी जुळ्यांना सरकारकडून बालसंगोपनचे पैसे सुरू झाले, एकीला महिन्याला सव्वादोन हजार. आराधनाचे घरात खर्च होतात. जास्मिनचे मी पोस्टात टाकते. तुला सांगितलं होतं ना, आराधनाला नर्सिंगला घालायचंय म्हणून शिलाईतले साठवतेय? ते शिलाईतले नव्हते, ताई. जास्मिन मेच्या सुट्टीत तुझ्याकडं तापानं गेली, मिरजगावातच तिला मूठमाती दिली, त्याला अडीच वर्षं झाली. इथल्या ऑफिसात मी ते सांगितलंच नाही. शाळेत सांगितलं, ती मावशीकडं शिकते. वाटलं, गेलेली पोर मागं राहिलेल्या बहिणीला शिकवतेय, यात कुणाचं काय जातंय.

गेल्या वर्षी त्या ऑफिसातल्या मॅडम पोरी बघायला घरभेटीला आल्या. "दुसरी कुठाय?" म्हणाल्या. मी आराधनाला आत नेलं, वेण्या सोडून केसांना जास्मिनसारखा पट्टा लावला, जास्मिनचा पिवळा फ्रॉक चढवला आणि पुढं पाठवलं. नाव विचारलं तर जास्मिन म्हण, एवढं पढवलं होतं. मॅडमनी दोघींचे वेगवेगळे फोटो काढले, चहा घेतला आणि गेल्या. आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

नंतर ती अधूनमधून तो फ्रॉक मागायला लागली. मी देत गेले, पोर खेळतेय म्हटलं. फ्रॉक घातला की डाव्या हातानं जेवते. दोघींत डावरी कोण होती, हे तुला सांगायला नको. गेल्या महिन्यात तो दंडात काचायला लागला, तेव्हा मीच उसवून वाढवला. शिवता शिवता मनात आलं, मेलेल्या लेकीचं माप वाढवतेय मी. तरी पुरा केला, कारण घरभेट जवळ आली होती.

एका दुपारी मी काजं करत बसले होते. ती म्हणाली, "आई, पेटीत लई उकडत हुतं. मावशीनं उशी घातली न्हवती." ताई, मूठमातीच्या दिवशी आराधनाला आपण शेजारच्या घरी ठेवलं होतं. तिनं पेटी पाहिलीसुद्धा नाही. तू उशी घातली होतीस का? मला आठवत नाही, मी डोळे मिटले होते. खरं असेल ते कळव.

मंगळवारी मॅडम पुन्हा आल्या. ती आधी फ्रॉक घालून जास्मिन म्हणून पुढं गेली, फोटो झाला. मग ठरल्याप्रमाणे मी हाक मारली, "आराधना, ये गं." तिनं आत येऊन कपडे बदलायचे होते. ती जागची हलली नाही. मॅडमकडं बघून म्हणाली, "आराधना मिरजगावला हाय. मावशीच्या गावाला. ती आता यायची न्हाई."

मॅडमना कसलाच संशय आला नाही. बरं, आठ दिवसांनी येते, तेवढी तिला बोलावून घ्या, म्हणाल्या. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हापासून आराधना म्हटलं की ती वळून बघत नाही. वहीवरचं नाव तिनं खोडलंय. मी फ्रॉक उसवून टाकला, तर तिनं डाव्या हातानं सगळे तुकडे गोळा करून उशाखाली ठेवले. जन्मल्यापासून या दोघींना ओळखण्यात मी कधी चुकले नव्हते गं. पाठमोरी असली तरी कळायचं. आता तोंडासमोर बसते, तरी मी बघत राहते.

माझं एवढं काम कर. तुमच्या ग्रामपंचायतीतून जास्मिनच्या मृत्यूचा दाखला काढून पाठव. मी तो ऑफिसात स्वतः नेऊन देईन, पोस्टातले सगळे परत भरीन, त्यांना काय करायचं ते करू दे. नर्सिंग नाही झालं तरी चालेल. पण आधी तो कागद मला तिच्यापुढं धरून मोठ्यानं वाचायचाय. मला माझी आराधना परत पाहिजे.

हे लिहीत असताना ती उंबऱ्यात येऊन उभी राहिलीय. विचारतेय, "आई, मावशीला माझा सलाम लिवलास का?"

मी विचारलं, कुणाचा लिहू?

ती विचार करतेय, ताई. बराच वेळ झाला.

तुझी,
दया