तांदळाची पेज

प्रिय आप्पा,

रविवारच्या सत्कारासाठी तुम्ही माझ्याकडे एक पान भाषण मागितलंत. मोठ्या अक्षरात, पाच मिनिटांचं, पाल्हाळ नको, असं फोनवर बजावलंत. मी ते तीन वेळा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. म्हणून भाषणाऐवजी हे पत्र. माझ्या उचगावहून तुमची मंगळवार पेठ काही लांब नाही, संध्याकाळी येऊन बोलता आलं असतं. पण मी समोर बसले की तुम्ही आधी ‘जेवलीस काय?’ विचारता, वहिनी ताट वाढते, आणि बोलायचं ते राहून जातं. सहा वर्षं असंच राहून गेलं आहे.

ते वाक्य तुमचंच आहे. “महापुरात सहा दिवस अडकलो, डायलिसिस न्हाय, घरात दाणा न्हाय, पर कंदमुळाचा नियम मोडला न्हाय.” बस्तीच्या मंदिरात पूजेनंतर तुम्ही ते कितीदा तरी सांगितलं आहे. ते ऐकूनच कमिटीनं क्षमावणीच्या दिवशी तुमचा सत्कार ठरवला. तुम्ही ते सांगत असता तेव्हा मी बहुतेक वेळा चप्पल घालून बाहेर उभी असते. तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

मी क्रमानं लिहिते. पाणी चढलं तेव्हा आपण नदीकडच्या भाड्याच्या घरात होतो, जिनेशदादा आणि वहिनी पुण्यात. सोमवारी सकाळी दहाला पाणी उंबऱ्याशी होतं, दुपारी ओट्याशी. वरच्या मजल्यावरच्या सोनूमावशींच्या अतुलनं तुम्हाला पाठीवर घेऊन जिना चढवला. तुमचं शेवटचं डायलिसिस शनिवारी झालं होतं, पुढचं मंगळवारी होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि हॉस्पिटलच्या आहार विभागात लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. जिना चढताना मी एवढाच हिशेब करत होते, की मंगळवार चुकला तर पुढे किती दिवस काढता येतील आणि कशावर.

मावशींनी त्या दिवशी एक पातेलं काढलं. त्याच्यावरचा दुकानाचा कागदही निघाला नव्हता. तुमच्यासमोर धरून म्हणाल्या, हे कोरं हाय आप्पासो, ह्यात अजून काय शिजल्यालं न्हाय. तुम्ही मान खाली घातलीत. वर्षानुवर्षं त्या जिन्यावरून जाता-येता तुम्ही त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्या पातेल्यात तुमचं पाणी गाळून उकळलं जायचं. दिवसाला पाचशे मिलिलिटर. मी ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून द्यायची.

दुसऱ्या दिवशी मदतीची बोट आली. शहाळी, केळी, बटाटे, बिस्किटं. माणसाला जगवायला जे लोक प्रेमानं पाठवतात, त्यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला विष होतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम, केळ्यात पोटॅशियम, बटाट्यात तर तुमचा नियमही आडवा. मी शहाळं परत ठेवलं तेव्हा मावशी पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. आजारी माणसाला शहाळं न्हाय म्हणतीस, कसलं शिक्षण गं तुझं? मी त्यांना समजावलं, की मूत्रपिंड चालत नसेल तर हे पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. त्यांनी केळीही परत ठेवली. मग हळूच विचारलं, मग काहीच द्यायचं न्हाय का? तोच खरा प्रश्न होता. उपाशी ठेवून चालणार नव्हतं. माणूस उपाशी राहिला की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं, आणि त्या मांसातलं पोटॅशियम पुन्हा रक्तातच उतरतं. तुम्हाला पोटभर खायला हवं होतं, पण ज्यात काही नाही असं.

तांदूळ चालला असता. वरच्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं होतो आणि तांदूळ बुधवारी सकाळी संपला. दोन दिवसांत तुम्ही तीन वेळा भाताची पेज प्यायलात, ती खरोखर तांदळाची होती. डाळ होती, ती तुम्हाला नको होती. तूप होतं, साखर होती. आणि फळीवर एका डब्यात दीड किलो साबुदाणा होता. मी डब्याकडे बघत राहिले तेव्हा मावशी म्हणाल्या, आमच्यात उपास न्हाय, पर पापड्या लागतातच की.

मी सात वर्षांची असताना शाळेत मैत्रिणीच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाऊन आले होते. तुम्ही रागावला नाहीत. मला शेजारी बसवून सांगितलंत, साबुदाणा झाडाला लागत न्हाय, मातीतल्या कंदाचा काढतात, आणि कंद उपटला की एक जीव न्हाय, अनंत जीव जातात. मी विचारलं होतं, थोडासा खाल्ला तर? तीस वर्षं तुम्ही कारखान्यात सुटे भाग मापून घेतलेत. तुम्ही म्हणालात, “माप एक तर बसतंय, न्हायतर न्हाय. जवळपास असं काय नसतंय.” मी आजही ग्रॅम लिहिते तेव्हा ‘साधारण’ लिहीत नाही, ते तिथून आलं आहे.

बुधवारी दुपारी मी तो साबुदाणा पाट्यावर वाटला. वीज नव्हती, आणि दाणा दिसला असता तर तुम्ही ओळखलं असतंत. साठ ग्रॅम पीठ, वीस ग्रॅम तूप, तीस ग्रॅम साखर, एक वेलदोडा. पाणी तुमच्या पाचशेतूनच. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांना मी सांगितलं की तांदळाची म्हणायचं. त्या म्हणाल्या, मी खोटं बोलणार न्हाय, तुझं तू बघ. मी वाटी उचलली तेव्हा पाठीमागून एवढंच म्हणाल्या, “नियम जित्या माणसाचा असतोय, पोरी. आधी त्याला जिता ठेव.”

तुम्ही विचारलंत, तांदळाचीच न्हवं? मी म्हणाले, व्हय. तेव्हा मी घड्याळात बघत होते. सूर्यास्ताला पंचावन्न मिनिटं होती, त्यानंतर तुम्ही काही घेतलं नसतंत.

त्यानंतर शुक्रवारपर्यंत दिवसाला तीन वाट्या. गुरुवारी तुम्ही चमचा वाटीत ठेवलात, पेजेकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, तांदूळ नवा दिसतोय, चिकट हाय. मग संपवलीत. तुम्हाला तेव्हा काय वाटलं, हे मला माहीत नाही. मी अंदाज लिहीत नाही. शनिवारी सकाळी बोटीनं हॉस्पिटल गाठलं तेव्हा तुमचं पोटॅशियम फक्त ५.९ निघालं. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं, काय खात होतात? तुम्ही म्हणालात, तांदळाची पेज आणि नियम. ते हसले. मी फाईल घेऊन बाहेर गेले.

दर क्षमावणीला तुम्ही मावशींकडे लाडू पाठवता आणि ‘तुमच्या तांदळानं तारलं’ असा निरोप देता. लाडू घेऊन मीच जाते. मावशी डबा घेतात, माझ्याकडे बघतात, आणि डब्यात काहीतरी घालून परत देतात. एकदा त्यात साबुदाण्याच्या पापड्या होत्या. मी त्या रस्त्यात, टपरीवरच्या बाईला देऊन टाकल्या. त्यांना चेष्टा करायची होती की आठवण करून द्यायची होती, मी विचारलं नाही.

हे मी आणखी सहा वर्षं ठेवू शकले असते. मला गप्प राहता येतं. पण गेल्या मंगळवारी अक्काताई डायलिसिसला आल्या नाहीत. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या, हुपरीच्या. गुरुवारी त्यांना उचलून आणलं, पोटॅशियम ७.२, नाडी चाळीसवर. वाचल्या. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, का चुकवलंत? म्हणाल्या, दशलक्षण पर्वाचा उपास होता, मुगाच्या कढणावर होते. “आप्पासोना नियमानं सहा दिवस तारलं, मला एक दिवस तारंना व्हय?” तुमची गोष्ट त्यांनी मलाच सांगितली, शब्द न शब्द. त्यांना हे माहीत नव्हतं की ज्यानं तुम्हाला तारलं तो नियम नव्हता, आणि तांदूळही नव्हता. रविवारी त्या सत्काराला येणार आहेत. मुलानं पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली आहे.

क्षमावणीला सगळे एकच ओळ पाठवतात, ‘जाणता-अजाणता काही चूक झाली असल्यास क्षमा.’ यंदा मी ती तुम्हाला पाठवणार नाही. ते दोन शब्द जोडून लिहिले की मोजता येत नाहीत, म्हणून मी ते वेगळे केले आहेत. अजाणता तुमचा. तुम्ही तांदूळ समजून खाल्लात, तुमचा नियम शाबूत आहे. जाणता माझा. त्या सात वाट्यांसाठी मी क्षमा मागत नाही, कारण जे पुन्हा करीन त्याची क्षमा मागणं खोटं होईल. सहा वर्षं तुम्हाला ते भाषण करू दिलं, त्याची मागते. सोबतच्या मोठ्या अक्षरातल्या पानावर भाषण नाही, पेजेचं माप आहे. रविवारी तुम्ही उभे राहाल तेव्हा काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. यंदा मी बाहेर उभी राहणार नाही. आत, सोनूमावशींच्या शेजारी बसेन. त्यांना मी बोलावलं आहे.

तुमचीच, मापात न बसलेली,
आदिती