पुढच्या वेळी सुरू होताना

सोमवार, ३ नोव्हेंबर
आलो एकदाचे मानपाड्यात. दोन बॅगा, शेगडी, पाण्याचं पिंप आणि आई, एवढं सगळं खडवलीहून एका टेम्पोत मावलं. आई ड्रायव्हरशेजारी बसली आणि त्याला रस्ता सांगत राहिली, जो तिलाही माहीत नव्हता. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघ्यांना हात लावत ती वर पोचली आणि जाहीर केलं की आता मी खाली उतरणारच नाही, मग जिन्याचा त्रास कसला. बाबा गेल्यापासून घरात हुकूम आईचा, म्हणजे भीमाबाईंचाच, त्यामुळे विषय संपला.

नोकरी फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरवर. मालकांचं नाव धनेश, सगळे धनेशशेठ म्हणतात. वर्तकनगरला झेरॉक्सच्या दुकानात तीन वर्षं उभी राहून काढली, इथे खुर्ची आहे, तीही फिरणारी. मी खूश आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कामाचं स्वरूप कळलं. पासपोर्ट फोटो आणि वाढदिवसाचे बॅनर हे वरवरचं, खरा धंदा गेलेल्या माणसांचा. माणूस जातो आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून चेहरा कापायचा, मागे निळा रंग भरायचा, खाली नाव टाकायचं आणि दहाव्याच्या आत फ्रेम द्यायची. दर वेळी नवीन फाईल कोणी करत बसत नाही. आधीच्या माणसाची फाईल उघडायची, त्याचा चेहरा काढून नव्याचा बसवायचा आणि नव्या नावाने सेव्ह करायची.

हिंदूंच्या फोटोखाली 'कै.', आम्हा बौद्धांत 'कालकथित'. धनेशशेठ म्हणाले, मी तर सगळ्यांना कै.च टाकत आलोय, कोणी काही बोललं नाही. मी म्हटलं, ज्याला राग यायचा तो बोलायला कुठे होता. ते खूप हसले. माणूस बरा आहे.

काउंटरमागे त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. विठ्ठलशेठ. पांढरी टोपी, एक डोळा जरा बारीक केलेला, गिऱ्हाईक फसवतंय की काय असा. शटर उघडलं की पहिली उदबत्ती त्यांना.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
शुक्रवारी इथे दुरुस्तीसाठी नऊ ते पाच लाईट नसते, म्हणून दुकानाला सुट्टी. आईला माझं काम सांगितलं तर तिने पांढरी साडी नेसूनच दाखवली. म्हणाली, माझा आत्ताच काढून ठेव, नंतर लग्नातल्या फोटोतून कापशील आणि शेजारणीचा हात माझ्या खांद्यावर राहील. मी चिडले. पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय. खिडकीजवळ बसवून मोबाइलवर काढला. छान आलाय, हसू दाबून बसल्यासारखी दिसते.

सोमवार, १० नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत आईचा फोटो बनवला. समोर विठ्ठलशेठची फाईल होती, त्यातूनच. खाली नुसतं 'भीमाबाई' टाकलं. 'कालकथित' टाकायला हात धजला नाही.

संध्याकाळी धनेशशेठनी नवीन काम दिलं. डिस्क भरलीय, आणि एक्केचाळीस फायली बिघडलेल्या आहेत, त्या काढून टाक. उघडल्या की चेहरा कपाळापर्यंत दिसतो, खाली सगळ्या करड्या पट्ट्या. डिलीट केलं की उत्तर येतं, फाईल दुसरीकडे उघडी आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे? दुकानात एकच मशीन आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सगळे उपाय करून झाले. नाव बदललं, दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकललं, फाईल जागची हलत नाही. शेवटी मशीन दुरुस्त करणाऱ्या मितेशला फोन केला. त्याने एक छोटं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. ते विचारतं, आत्ता निघत नसेल तर पुढच्या वेळी सुरू होताना काढू का? नमुन्याला विठ्ठलशेठची फाईल घेतली. तीही आता बिघडली होती. धनेशशेठ म्हणाले, काढ, बाबा भिंतीवर आहेतच. हो म्हटलं, वर एवढं लिहून घेतलं, मग मशीन बंद करून चालू केलं. फाईल गेली. जमलं मला.

बुधवार, १२ नोव्हेंबर
सकाळी उरलेल्या चाळीस फायली एकदम निवडल्या आणि हो म्हटलं. छपाई चालू होती, म्हणून मशीन लगेच बंद केलं नाही.

अकरा वाजता धनेशशेठनी काउंटरमागची फ्रेम उतरवली. विचारलं, ही रिकामी फ्रेम इथे कोणी टांगली. काचेमागे नुसता निळा कागद होता. मलाही ती कुणाची ते आठवेना. एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली.

जेवताना सहज ही वही उघडली, आणि गेल्या बुधवारचं, मग कालचं पान वाचलं. टोपी. बारीक डोळा. अक्षर माझंच आहे, पण असा माणूस मी पाहिलेला नाही. धनेशशेठना वडिलांचं नाव विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, मग डोकं खाजवलं, मग म्हणाले, असेल की काहीतरी, आणि हसले.

परत मशीनवर जाऊन यादी पाहिली. चाळिसावं नाव भीमाबाई. सोमवारी दुपारी बनवली तेव्हा फाईल नीट होती. आता हसू आहे तिथून खाली करड्या पट्ट्या. यादी रद्द करायची सोय नाही. ते सॉफ्टवेअरही निघत नाही.

विठ्ठलशेठ निदान गेलेले होते. माझी आई घरी भात टाकून बसलीय.

मशीन रात्रभर चालू ठेवू द्या म्हणून धनेशशेठच्या हातापाया पडले. बरं म्हणाले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पेन ड्राइव्हवर फाईल उतरत नाही. मोबाइलमधला फोटोही उघडत नाही. मितेश फोनवर म्हणाला, अरे कचरा आहे तो, जाऊ दे ना.

उद्या शुक्रवार. नऊला लाईट जाणार, मशीन बंद पडणार. पाचला लाईट आली की धनेशशेठ दुकान उघडणार, लग्नाची ऑर्डर द्यायचीय. चालू करू नका म्हटलं. डिस्क मला विका म्हटलं. ओरडले. अख्ख्या मानपाड्याचे फोटो त्यात आहेत, वेड लागलंय का. माझ्याकडची दुकानाची चावी काढून घेतली.

आईला सांगितलं. म्हणाली, मला विसरायला मशीन कशाला, लग्न लाव, आपोआप विसरशील. मी हसले नाही. मग तिने माझ्या डोक्याला तेल लावलं.

भीती वाटायला हवी. वाटत नाही.

चौकट करून लिहिते —
भीमाबाई. माझी आई. या खोलीत माझ्यासोबत राहते. उद्या आधी हे वाच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपार
शटरसमोर बसलेय. कुलूप. लाईट नाही. आई, भीमाबाई, आई, भीमाबाई — म्हणत राहिलं पाहिजे. साडेचार.

शुक्रवार, संध्याकाळ
लाईट आली. डिस्क मोकळी झाली.

धनेशशेठ म्हणाले, मी त्यांचा हात धरून रडत होते, आणि मशीन सुरू झाल्यावर मध्येच थांबले. कशासाठी, ते त्यांनाही आठवेना. गाल ओले होते खरे.

घरी आले तर खोलीत एक म्हातारी. चहा गाळत होती, दोन कप. आलीस का म्हणाली. मी विचारलं, आपण कोण. हसली. मग हसायची थांबली.

घरमालकीण कमळाबाईंना वर बोलावलं. त्याही म्हणाल्या, खोली घेताना तू एकटीच होतीस. चोर वाटत नाही, वाट चुकली असेल, वय झालं की होतं असं. मीच तिला हाताला धरून दाराबाहेर नेलं. तिचा हात तेलकट होता. दार लावलं.

कालच्या पानावर चौकटीत काहीतरी लिहिलंय. वाचते नंतर, आधी हे —

अजून जिन्यातच आहे. दोन पायऱ्या उतरून बसलीय, गुडघे धरून. मृणाल, मृणाल करतेय. दारावरची माझ्या नावाची पाटी वाचली असेल.

वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

कुणाची तरी आई असेल. तिच्या लेकीला कोणीतरी कळवायला —